हरवलेल्या हुंडीला पैठ असे

पेशवाईत रुपया एकच नव्हता. पुण्याचा अंकुशी वेगळा, चांदवडचा चांदवडी वेगळा, सुरती आणखी निराळा. नावाने सगळे रुपयेच. पण टांकसाळ बदलली की कस बदले, आणि एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात चालवायचा तर सराफाच्या पेढीवर बट्टा मोजावा लागे. १८३५ साली कंपनी सरकारने एकसारखा रुपया पाडायला घेतला आणि त्यानंतर ही गुंतागुंत हळूहळू ओसरली. आज तीच गुंतागुंत मोबाइलच्या पडद्यावर नव्या वेशात अवतरली आहे. रुपयाच्या जागी डिजिटल डॉलर आला, टांकसाळींच्या जागी ब्लॉकचेन नावाच्या निरनिराळ्या खातेवह्या आल्या. सराफ मात्र दिसेनासा झाला. त्याच्या या दिसेनासे होण्याकडे आपल्या मध्यमवर्गाने पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही.

हा विषय आपल्या घरांपासून दूर आहे, असे मानण्याचे दिवस गेले. परदेशी कंपनीचे काम घरबसल्या करणाऱ्या तरुणाला मोबदला ‘यूएसडीटी’मध्ये देऊ केला जातो, शिकायला बाहेर गेलेल्या मुलीला मैत्रिणी सांगतात की, बँकेपेक्षा हे स्वस्त आणि झटपट. स्टेबलकॉइन म्हणजे ज्याचे मूल्य एका डॉलरशी बांधलेले आहे असे डिजिटल नाणे. टेथर कंपनीचे यूएसडीटी २०१४ पासून आहे, सर्कल कंपनीचे यूएसडीसी २०१८ पासून. ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा सर्व नाण्यांचे एकत्रित मूल्य ३०० अब्ज डॉलरच्या पुढे गेले. एवढ्या मोठ्या व्यवहाराला ‘तरुणांचे खूळ’ म्हणून नाक मुरडणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

घोटाळा होतो तो येथून पुढे. यूएसडीटी हे एकच नाणे असले तरी ते इथेरियमच्या वहीत असते, ट्रॉनच्या वहीत असते, आणि इतरही अनेक ठिकाणी असते. या वह्या एकमेकींना ओळखत नाहीत. ट्रॉनवरचे नाणे पॉलिगॉनवर (हे जाळे २०१७ साली भारतीय तरुणांनीच मॅटिक या नावाने उभे केले) आपोआप उमटत नाही. मोबदला ट्रॉनवर मिळाला आणि पुढचा व्यवहार पॉलिगॉनवर करायचा असेल, तर मधे अदलाबदल आली. मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये त्यासाठी ‘स्वॅप’ असे एक बटण असते. ते दाबले की काम झाले, असे सांगितले जाते. परंतु त्या बटणामागे नेमके काय घडते हे दाबणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते?

त्यामागे तीन अगदी भिन्न वाटा असू शकतात. पहिल्या वाटेत तुमचे मूळ नाणे एका डिजिटल तिजोरीत कुलूपबंद होते आणि दुसऱ्या जाळ्यावर त्याची पावती तुमच्या हाती पडते. ही पावती नाण्याच्याच नावाने हिंडते, पण ती पावतीच. तिजोरी फुटली की ‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ अशी गत होते. दुसऱ्या वाटेत नाणे काढणारी कंपनी स्वतःच एका जाळ्यावरचे नाणे नष्ट करते आणि दुसऱ्या जाळ्यावर तितकेच नवे पाडते. सर्कलने यूएसडीसीसाठी अशी सोय एप्रिल २०२३ मध्ये सुरू केली. तिसऱ्या वाटेत दोन्हीकडे साठा बाळगणारा कोणी मध्यस्थ एकीकडे तुमचे नाणे घेतो आणि दुसरीकडे आपल्या साठ्यातले देतो, आपला बट्टा कापून. तिन्हींतली जोखीम वेगवेगळी. बटण मात्र एकच.

पहिल्या वाटेची किंमत जगाने २०२२ या एका वर्षात पुरेपूर मोजली. फेब्रुवारीत वर्महोल नावाच्या पुलावरून सुमारे ३२ कोटी डॉलरची लूट झाली. मार्चमध्ये रोनिन पुलावरून ६० कोटींहून अधिक डॉलरची मालमत्ता गेली. रोनिनची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तिजोरीला नऊ किल्ल्या होत्या आणि पाच जुळल्या की ती उघडत असे. नऊपैकी चार किल्ल्या एकाच कंपनीच्या हाती होत्या. पाचवीची परवानगी काही महिन्यांपूर्वी सोयीसाठी घेतली होती आणि गरज संपल्यावर ती काढून घ्यायचे राहून गेले होते. दरोडा पडला २३ मार्चला, उघडकीस आला २९ मार्चला, तोही एका वापरकर्त्याला आपले पैसे काढता येईनात म्हणून! अमेरिकेच्या एफबीआयने या चोरीचा ठपका उत्तर कोरियाच्या लाझारस टोळीवर ठेवला. ऑगस्टमध्ये नोमॅड पुलाची पाळी आली. तेथे प्रणाली अद्ययावत करताना अशी चूक झाली की, कोणताही खोटा संदेश खरा मानला जाऊ लागला. पहिल्या चोराची युक्ती पाहून इतरांनी ती जशीच्या तशी उचलली आणि सुमारे १९ कोटी डॉलर अक्षरशः जमावाने लुटून नेले.

मग बाजारपेठेवर, म्हणजे एक्स्चेंजवर, नाणी पाठवावीत आणि तेथून हव्या त्या जाळ्यावर काढून घ्यावीत, हा मार्ग निर्धोक नाही का? नवशिक्याला तो पुलापेक्षा सोपा हे मान्य. पण जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली. ग्राहकांची उरलेली डिजिटल नाणीही अडकून पडली, व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला, आणि तोडगा मंजूर झाला तो सिंगापूरच्या न्यायालयात. भारतीय ग्राहकांच्या पैशाचा निवाडा सिंगापुरात व्हावा, ही गोष्ट मला चोरीइतकीच बोचते. एक्स्चेंज ही वाट आहे, कोठार नव्हे. काम झाले की तेथे नाणी पडून राहू देऊ नयेत.

ज्यांना ही अदलाबदल खरोखरच करावी लागते, त्यांना केवळ भीती दाखवून उपयोग नाही. त्यांनी जाळ्याचे नाव पाहावे, नाण्याच्या नावाच्या आधी. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो, त्यामुळे तो वेगळा ओळखू येतो. इथेरियम, पॉलिगॉन आणि बीएनबी या जाळ्यांचे पत्ते मात्र सारखेच दिसतात, आणि फसगत होते ती येथेच. आपल्याच वॉलेटमध्ये चुकीच्या जाळ्यावर पैसे आले तर बहुधा ते सापडतात, कारण किल्ली आपल्याकडे असते. तेच पैसे एक्स्चेंजच्या पत्त्यावर, ते एक्स्चेंज वापरत नसलेल्या जाळ्यावरून गेले, तर मनधरणी करत बसण्यापलीकडे फारसे काही हाती राहत नाही. शिवाय प्रत्येक जाळ्याचा टोल त्याच्या स्वतःच्या नाण्यात भरावा लागतो. पॉलिगॉनवर हजार डॉलरचे यूएसडीसी आले, पण टोलापुरते तेथील ‘पोल’ नाणे जवळ नाही, म्हणून खिशात पैसे असूनही एसटीत बसता येऊ नये अशी अवस्था अनेकांची होते. ती तजवीज आधी करावी.

समोर उतरणारे नाणे कंपनीने स्वतः पाडलेले आहे की कुणा पुलाची पावती आहे, हे कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेल्या करार-पत्त्याशी ताडून पाहावे. नुसत्या नावावर आणि चिन्हावर जाऊ नये, कारण नाव कुणीही घेऊ शकतो. कोणती कंपनी कोणत्या जाळ्यावर नाणे काढते हेही बदलत असते: सर्कलने फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रॉनवर नवे यूएसडीसी पाडणे थांबवले. वॉलेट ‘अमर्याद परवानगी’ मागते तेव्हा हवी तेवढ्याच रकमेची द्यावी आणि काम झाल्यावर काढून घ्यावी. रोनिनचा सारा अनर्थ अशाच एका न काढलेल्या परवानगीतून झाला, हे आठवावे. मोठी रक्कम पाठवण्यापूर्वी पाच-दहा डॉलर पाठवून ते पोहोचल्याची खात्री करावी. टोल दोनदा पडतो म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी मे २०२४ मधला एक प्रकार ध्यानात ठेवावा. व्यवहारांच्या यादीत चोराने हुबेहूब भासणारा पत्ता घुसडून ठेवला होता. पहिली आणि शेवटची अक्षरे जुळली म्हणून एका धनिकाने तोच वापरला आणि बिटकॉइनशी बांधलेली सुमारे ६.८ कोटी डॉलरची नाणी एका क्षणात परक्याच्या हाती गेली. पुढे वाटाघाटी होऊन चोराने बहुतांश रक्कम परत केली. असा चोर प्रत्येकाच्या नशिबी नसतो.

आणि वॉलेटचे ते बारा किंवा चोवीस शब्द. ते कागदावर लिहून कुलपात ठेवावेत. छायाचित्र काढू नये, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाही पाठवू नयेत. ‘ग्राहक सेवा’ म्हणून ते विचारणारा माणूस चोरच असतो, याला अपवाद नाही.

हे सारे नीट पाळले तरी एक मूलभूत गोष्ट उरते. आपल्या पूर्वजांची हुंडी वाटेत गहाळ झाली तर पेढीवरून ‘पैठ’ मिळे, म्हणजे दुसरी प्रत. तीही हरवली तर ‘परपैठ’. शाहजोग हुंडीचे पैसे पत असलेल्या सावकारालाच दिले जात. कागद चोराच्या हाती लागला म्हणून पैसे लागत नसत. मुंबईहून काशीपर्यंत व्यवहार चालत ते या उत्तरदायित्वाच्या बळावर. ब्लॉकचेनचे समर्थक मध्यस्थ गेल्याचा आनंद साजरा करतात. दलालीबरोबर जबाबदारीही गेली, पैठ देणारी पेढीच उरली नाही, हे मात्र ते सांगत नाहीत. बरे, येथे कोणी धनी नाही असेही नाही. टेथर आणि सर्कल या दोन्ही कंपन्या कोणत्याही पत्त्यावरची आपली नाणी गोठवू शकतात, आणि तपास यंत्रणांच्या सांगण्यावरून त्यांनी ती गोठवलेलीही आहेत. अधिकार आहे. तो आपल्या दारात दाद मागता येईल असा नाही, इतकेच.

‘स्थिर’ या विशेषणाचीही परीक्षा झालेली आहे. मे २०२२ मध्ये टेरायूएसडी हे केवळ गणिती सूत्रावर उभे असलेले नाणे कोसळले आणि त्याने लक्षावधी लोकांची बचत गिळली. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा सर्कलचे ३.३ अब्ज डॉलर तेथे अडकले आणि यूएसडीसी काही काळ ८८ सेंटच्या आसपास घसरले. ते सावरले, हेही नमूद केले पाहिजे. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये कायदा करून राखीव निधीचे बंधन घातले. त्यात अमेरिकेचे हित उघड आहे. या कंपन्या राखीव निधी मोठ्या प्रमाणावर अमेरिकी सरकारी रोख्यांत ठेवतात. एकट्या टेथरकडे २०२५ मध्ये असे १०० अब्ज डॉलरहून अधिक रोखे होते. आपल्या तरुणाने मोबदला यूएसडीटीमध्ये घेऊन तो तसाच साठवला, तर त्याची बचत अमेरिकेच्या कर्जाला हातभार लावते आणि त्यावरचे व्याज टेथरला मिळते, त्याला नाही. स्वदेशीचा विचार मानणाऱ्या घरात यावर एकदा तरी बोलणे व्हायला हवे.

कराचा मुद्दा थोडक्यात. एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर १ टक्का टीडीएस लागू झाला. यूएसडीटी देऊन यूएसडीसी घेणे हेदेखील हस्तांतरणच, रुपये हाती आले नाहीत तरी. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा होत नाही. म्हणून प्रत्येक अदलाबदलीची नोंद दिनांक आणि त्या दिवशीच्या रुपयातील मूल्यासह ठेवावी.

मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने या व्यवहारांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले आणि एक्स्चेंजना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करायला लावली. ते योग्यच झाले. परंतु ती व्यवस्था सरकारला माहिती मिळावी म्हणून आहे, ग्राहकाला नव्हे. औषधाच्या पट्टीवर अंतिम तारीख छापणे बंधनकारक आहे. मग भारतात नोंदणी केलेल्या प्रत्येक अ‍ॅपने पैसे हलवण्यापूर्वी जाळ्याचे नाव, नाणे मूळचे की पावतीचे, अदलाबदलीची वाट तीनपैकी कोणती, एकूण बट्टा किती आणि चूक झाल्यास दाद कोणाकडे, एवढी माहिती ग्राहकाच्या भाषेत दाखवलीच पाहिजे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणाकडेही नाही’ असे असेल, तर तेही बटणाच्या वर, ठळक अक्षरांत आणि मराठीत लिहिलेले असावे.