हॉवरमागे दडवलेला मेनू

‘फोनला माउस नसतो; हॉवरचे नियम मीडिया क्वेरीत घातले की प्रश्न मिटला,’ असं वेब डिझाइन करणारे अनेक जण ठामपणे सांगतात. (हॉवर म्हणजे माउसचा बाण एखाद्या घटकावर नेणं; मीडिया क्वेरी म्हणजे उपकरण पाहून नियम लावणारी अट.) सजावटीपुरतं हे खरं आहे. टचस्क्रीनवर बोट उचललं तरी बटणाचा बदललेला रंग तसाच चिकटून राहतो, दुसरीकडे टॅप करेपर्यंत जात नाही. तो नियम हॉवर जमणाऱ्या उपकरणांपुरता ठेवला की हा दोष जातो. पण पोटमेनू, किंमत किंवा ‘काढून टाका’चं बटण हॉवर केल्यावरच दिसत असेल, तर याच क्वेरीने ते फोनवरून कायमचं नाहीसं होतं. मग प्रश्न मिटला कुणाचा?

ब्राउझरला स्पर्श कळतो एवढ्यावरून हॉवर बंद करणं तर याहून वाईट. टचस्क्रीन लॅपटॉपला माउसही असतो, आयपॅडला २०२०पासून ट्रॅकपॅड चालतो. मीडिया क्वेरीतलं ‘हॉवर’सुद्धा फक्त मुख्य साधनाबद्दल सांगतं, जोडलेल्या बाकीच्या साधनांसाठी ‘एनी-हॉवर’ वेगळं विचारावं लागतं. वापरणारा पुढच्या क्षणी बोट लावेल की माउस हलवेल, हे दोन्हींपैकी एकालाही ठाऊक नसतं.

हॉवरच्या बचावात आयफोनचा दाखला हमखास दिला जातो. हॉवरमुळे पानावर नवं काही उघडत असेल, तर सफारी पहिल्या टॅपला ते उघडते आणि दुसऱ्या टॅपला क्लिक मानते. माउससाठी बांधलेली पानं फोनवर निभावून नेण्याची ती तडजोड आहे. तिच्या भरवशावर नवं पान बांधणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. मेनूचं शीर्षक स्वतःच लिंक असेल, तर टॅप केल्यावर यादी उघडेल की पान बदलेल, हे माणसाने ओळखायचं कशावरून?

हॉवरने फक्त दुजोरा द्यावा. जे आधीच दिसतंय ते थोडं उजळावं, एवढंच. पोटमेनू उघडायला खरं बटण हवं, म्हणजे बोट, माउस, कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर या सगळ्यांना तो उघडता येतो. यात माउसवाल्यांचंही भलं आहे. कापऱ्या हाताचा माणूस तिरका सरकला की हॉवरचा मेनू मिटतो. डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८च्या सुगम्यता-निकषांनी हॉवरने उघडणाऱ्या मजकुरावर अटी घातल्या त्या उगाच नाहीत: पॉइंटर न हलवता तो बंद करता यावा, आणि पॉइंटर त्या मजकुरावर नेला तरी तो टिकावा.

‘तक्त्याच्या प्रत्येक ओळीत ‘काढून टाका’सारखी बटणं कायम दाखवली तर तो गजबजेल,’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यासाठी प्रत्येक ओळीच्या शेवटी तीन ठिपक्यांचं एकच बटण ठेवावं, सतत दिसणारं आणि बोटाला सहज सापडेल एवढं मोठं.