क्विंटलभर धान आणि एक तिकीट

गोंदिया : सप्टेंबर २०२४ मध्ये ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बॅण्डच्या नवी मुंबईतील मैफलींची तिकीटविक्री सुरू झाली, तेव्हा सर्वांत स्वस्त तिकीट अडीच हजार रुपयांचे होते आणि सर्वांत महाग ३५ हजारांचे. त्याच खरीप हंगामात साधारण धानाचा हमीभाव होता क्विंटलला २ हजार ३०० रुपये. धानावर जगणाऱ्या गोंदिया जिल्ह्यातून पाहिले, की महोत्सवांच्या दरांचा प्रश्न असा पोत्यांत मोजावा लागतो.

तिकीट हा तर खर्चाचा पहिला हप्ता. पाचशे रुपयांवरील तिकिटाला १८ टक्के जीएसटी लागतो. गोंदियाहून दुपारी निघणारी विदर्भ एक्स्प्रेस मुंबईला पोहोचते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणे गाठायचे तरी अंतर हजार किलोमीटरच्या घरातलेच. खुल्या मैदानावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाच्या सुमारास बंद होतात आणि मग लॉजच्या भाड्याचा हिशेब सुरू होतो. मैदानावरील पाणी-जेवणाचे दर वेगळेच. दोन दिवसांच्या संगीतासाठी चार-पाच दिवसांची रजा टाकणाऱ्या नोकरदाराचे काय होत असेल, हे सांगायला नको.

एवढे मोजून जाणारा रसिक साहजिकच मोठ्या नावासाठी जातो. खरे नुकसान इथेच होते. २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘एनएच-७ वीकेण्डर’ने एका पिढीला जे दिले, ते मुख्य मंचावरचे तारे नव्हेत. एकाच मैदानावरील अनेक मंचांमधून भटकताना, भर दुपारी, कधी न ऐकलेला बॅण्ड कानावर पडणे ही त्याची कमाई होती. प्रयोगशील संगीताला श्रोता मिळतो तो असा, चुकून. वारली लोकसंगीताला मराठी रॅपशी भिडवून आरेच्या जंगलाचा प्रश्न मांडणारा मुंबईचा ‘स्वदेसी’ हा समूह ठरवून शोधणारे कितीसे असतील? तिकीट महागले, की चुकण्याची चैन परवडत नाही.

यावर मोबाइलचे उत्तर तयार असते. ते अगदीच खोटे नाही. ढोल आणि मेटल यांची सांगड घालणारा दिल्लीचा ‘ब्लडीवूड’ यूट्यूबवरून वर आला आणि २०१९ मध्ये जर्मनीतील ‘वाकेन’ महोत्सवात जाऊन वाजवून आला. त्या अर्थाने देवरी किंवा आमगावचा तरुण आज मुंबईकरापेक्षा मागे नाही. मात्र जे आधी ऐकले त्याच्याच जवळपासचे पुढे ढकलणे, हा या यंत्राचा स्वभाव आहे. शिवाय छातीत घुमणारा ढोल इअरफोनमध्ये मावत नाही.

मग प्रवास नेहमी श्रोत्यानेच का करावा? अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात २०१२ पासून स्वतंत्र बॅण्डचा महोत्सव भरतो, बांबूच्या मंचांवर. मुंबई-दिल्लीहून तिथे पोहोचणे हे काही सोपे काम नव्हे. तरीही लोक जातात. गोंदियाची गोष्ट तर याहून सोपी आहे, कारण तिकीट काढून रात्रभर जागणारा प्रेक्षक इथे पिढ्यान् पिढ्या तयार आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार रंगते, घरोघरी पाहुणे उतरतात. त्यामुळे लॉजचा प्रश्नच उद्भवत नाही. गोंदिया-बल्लारशा मार्गावरील वडशाच्या नाट्यकंपन्या मंडप, प्रकाशयोजना आणि जिवंत वाद्यवृंद घेऊन झाडीपट्टीभर फिरतात. ऑर्गन-तबल्याच्या जोडीला ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड घेणारा हा वाद्यवृंद शहरी व्याख्येने ‘प्रयोगशील’च म्हणावा लागेल. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे पुण्या-मुंबईच्या अनेकांना या रंगभूमीचा पत्ता लागला.

अर्थात, मंडईच्या मंडपात एखादा शहरी बॅण्ड आणून बसवला, की काम झाले असे नाही. नाटकाला आलेला प्रेक्षक गाणे अर्ध्यावर थांबवून ‘वन्स मोअर’ मागतो, तसाच आवडले नाही तर उठूनही जातो. पण तिकीट पाचशेच्या आत ठेवले, तर जीएसटी लागत नाही. मंडप आणि ध्वनियंत्रणा तर हंगामात उभीच असते. उरतो तो चार-पाच वादकांचा स्लीपरचा प्रवासखर्च, आणि तो एका गावाऐवजी आठ तालुक्यांतील आठ रात्रींवर वाटता येतो. हा हिशेब मांडायला वडशाच्या कंपन्यांपेक्षा अनुभवी माणसे पुण्या-मुंबईत सापडणे अवघड आहे.