फरशी इटालियन, फ्यूज आजोबांच्या काळातला

जुन्या फ्लॅटचं नूतनीकरण निघालं की फरशी, फर्निचर, फॉल्स सीलिंगवर लाखांनी खर्च होतो. दारामागच्या लाकडी बोर्डावरचे चिनी मातीचे किटकॅट फ्यूज मात्र तसेच राहतात.

ते बसले तेव्हा घरात चार दिवे, दोन पंखे नि एक फ्रिज होता. आता २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला एकटाच जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्यात एसी आणि इंडक्शन एकदम सुरू झाले की फ्यूज उडतो, आणि मग कुणीतरी हुशारीनं त्यात जाड तांब्याची तार पिळून घालतो. फ्यूज उडायचा थांबतो. तापते ती भिंतीतली वायर.

फ्यूजच्या जागी नुसता एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवूनही भागत नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी लावणं म्हणजे तोच प्रकार, फक्त चकचकीत. आधी वायरिंग आणि अर्थिंग तपासावं, जड उपकरणांना स्वतंत्र सर्किट द्यावं, महावितरणकडे (मुंबईत ज्या त्या कंपनीकडे) मंजूर भार वाढवून घ्यावा.

आणि आरसीसीबी हवाच. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. ३० मिलिअँपिअरची गळती होताच आरसीसीबी पुरवठा तोडतो. त्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण अधूनमधून दाबून पाहायचं असतं, हे बहुतेक घरांत कुणी सांगितलेलंच नसतं. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं. सोसायट्यांनी रंगकामाआधी मीटर रूमच्या तपासणीचा ठराव घ्यायला काय हरकत आहे?