वल्ह्यावरून वल्हे नको, आधी फर्मा करा!

यंदा चतुर्थीला मामांकडे गेले होते. त्यांच्या होडीचे एक वल्हे मोडले होते. मामांनी दुसरे जुने वल्हे फळीवर ठेवले, भोवती पेन्सिल फिरवली आणि करवत उचलली. मी विचारले, "मामा, फर्मा नाही का?" ते हसले, "अगो, वल्हे हाच फर्मा!"

मामांची माफी मागून सांगते, मला हे पटत नाही.

जुने वल्हे झिजलेले असते, आणि दोन्ही कडा सारख्या झिजत नाहीत. शिवाय पेन्सिलीची रेघ कडेच्या थोडी बाहेरच पडते. प्रत्येक बाजूला एक मिलिमीटर धरला, तरी पाते दोन मिलिमीटरने रुंद होते. त्यावरून पुढचे, त्यावरून आणखी पुढचे केले, तर पाचव्या खेपेला सेंटीमीटरभर फरक! साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नवे नाही. नकलेवरून नक्कल होत गेली की पाठ बिघडतो. म्हणून तर एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली.

उपाय सोपा आहे: अर्ध्याच वल्ह्याचा फर्मा करायचा. मधोमध दोरा ताणून मध्यरेषा धरा. दर 5 सेंटीमीटरवर रेषेपासून कडेपर्यंतचे अंतर मोजा. जी बाजू कमी झिजलीय तिचीच मापे पुठ्ठ्यावर उतरवा, बिंदू जोडा आणि कापा. नव्या फळीवर मध्यरेषा आखून आधी एक बाजू काढा, मग तोच फर्मा उलटवून दुसरी. फर्मा एकच, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या येतात. जाडीसाठी मात्र बाजूने दिसणाऱ्या आकाराचा वेगळा फर्मा लागतो.

मामा म्हणतात, "हाताला कळतं." खरे आहे. पाते कुठे किती पातळ करायचे, हे हातच सांगतो. पण माझा मामेभाऊ जहाजावर नोकरीला आहे, तो हे काम शिकलेला नाही. मामांच्या हाताला जे कळते ते पुढे कोणाकडे जाणार?

म्हणून सभासदांना विनंती. नाताळच्या सुट्टीत घरात, शेजारी जुने वल्हे असेल तर त्याचा फर्मा करा. त्यावर तारीख, नदीचे नाव आणि लाकूड लिहा. पाते, दांडा, मूठ यांना घरात जे शब्द वापरतात तेही लिहा. वस्तू गेली की शब्दही जातात.

मामांच्या वल्ह्याचा फर्मा मी करून दिलाय. आधी कुरकुरले, पण आता तो त्यांनी पडवीत खुंटीला टांगलाय.