भुंग्याची तहान

उन्हाळा लागला की आमच्या उदगीरला माळवदावर, गच्चीवर, अंगणात चवाळी अंथरलेली दिसतात. त्यांवर तूर, मूग, हरभरा. वर्षाचं धान्य कोठीत भरायच्या आधी त्याला ऊन दाखवायचं, ही आपली जुनी रीत. परवा चौथीतल्या एका मुलीनं मला पेचात पकडलं. म्हणाली, "बाई, उन्हानं भुंगे मरतात म्हणता, मग आपल्याकडं ४० डिग्री ऊन पडतं तरी दरसाल भुंगे होतातच कसे?"

आहे की नाही खरा प्रश्न? चला, उत्तर शोधू.

मुगाच्या दाण्यावर कधी टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका पाहिलाय? ते भुंग्याचं अंडं. त्यातली अळी थेट दाण्यात शिरते, आतून पोखरत वाढते आणि साधारण महिन्याभरात भुंगा होऊन गोल भोक पाडून बाहेर येते. गंमत म्हणजे मोठा भुंगा दाणे खातच नाही. नासाडी सगळी त्या पोराची!

या भुंग्याला ३० डिग्रीच्या आसपास फार मानवतं. ४० ला त्याचे हाल होतात, पण सगळे मरत नाहीत. शिवाय पेपरात छापतात ते ४० डिग्री सावलीतल्या हवेचं असतं. धान्याचा ढीग घातला तर वरचे दाणे तापतात, आतले थंडच राहतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी चवळीवर प्रयोग केले. खाली काळं कापड, त्यावर चवळीचा पातळ थर, वरून पारदर्शक प्लॅस्टिक. दाणे ५७ डिग्रीवर तासभर राहिले की अंडी, अळ्या, भुंगे सगळेच संपतात, असं त्यांनी १९९१ मध्ये दाखवलं. आपल्या मे महिन्याच्या उन्हात हे सहज जमतं.

पण खरी मजा पुढं आहे. धान्यात भुंग्याला आयुष्यभर पाण्याचा थेंब मिळत नाही. वाळलेल्या दाण्यात पाणी असतं तरी किती? खाल्लेलं अन्न शरीरात जळतं तेव्हा थोडं पाणी तयार होतं, मुख्यतः त्यावर त्या अळीचं भागतं. आणि जळायला लागते हवा, म्हणजे हवेतला प्राणवायू. हवाच तोडली तर पाणीही तुटतं! हवाबंद पिशवीत हा किडा मुख्यतः तहानेनं मरतो, हे २०१२ मध्ये त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी सांगितलं.

आता आजीची राख आठवा. किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी राखतो. राखेनं तो खरवडला जातो. उन्हानं दाणा कोरडा, राखेनं अंग उघडं, वर झाकण घट्ट. एकेक संकट भुंगा सोसेल, तिन्ही एकदम आली की त्याचा टिकाव लागत नाही. जमिनीतल्या पेवात ज्वारी टिकायची तीही हवा कोंडल्यामुळंच. म्हणून तर पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. तिथं माणूससुद्धा गुदमरतो.

आता माझी फजिती सांगते. दोन वर्षांमागं बियाण्याची तूर मी घाईत वाळवली. आभाळ आलेलं, ढीग जाडजूड, तास-दोन तास झाले की कोमट तूरच डब्यात ओतली. झाकणही सैल. मृगाच्या तोंडावर डबा उघडला तर निम्म्या दाण्यांना भोकं! बाबा काही बोलले नाहीत, पण बी विकत आणावं लागलं. मी भुंग्यांना मारलं नव्हतं, त्यांना उबदार घर दिलं होतं. थोडंसं तापून वाचलेले किडे तर पुढची उष्णता जास्त सोसतात. त्यांच्या शरीरात त्यासाठी खास प्रथिनं तयार होतात. म्हणजे अर्धवट ऊन सगळ्यात वाईट.

तुम्ही करून पाहा. घरातले थोडे किडके मूग मागून घ्या, दोन सारखे वाटे करा. एक वाटा काळ्या कापडावर पातळ पसरा, वर पारदर्शक प्लॅस्टिक घाला, दुपारचे तीन तास ठेवा. निवू द्या, मग बरणीत भरून झाकण घट्ट लावा. दुसरा वाटा तसाच बरणीत भरा आणि तोंडाला नुसतं फडकं बांधा. दोन्हीतले भोकाचे दाणे आजच मोजून वहीत लिहा. दीड महिन्यानं पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे मला पत्रानं कळवा. त्या चौथीतल्या मुलीच्या बरण्या वर्गाच्या खिडकीत ठेवल्यात. एकीत परवाच दोन भुंगे दिसले. कुठल्या, ते ओळखा.