सावळ्या रंगाचा उजेड

चाकणच्या कारखान्यांत पोलादी पत्रा कापणारा लेसर आणि चिंचवडच्या दवाखान्यांत गालावरचा डाग घालवणारा लेसर, हे चुलतभाऊच. १९६० साली मायमनने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला, त्याचे हे वंशज. कातडीतले काळे रंगद्रव्य हा प्रकाश शोषते, तापते नि फुटते, डाग विरतो. पण वाचकहो, आपल्या सावळ्या कातडीत ते रंगद्रव्य सगळीकडेच पसरलेले! तरंगलांबी चुकली की डाग राहतो बाजूला आणि कातडी भाजते. १०६४ नॅनोमीटरचा लांब तरंग आपल्याला त्यातल्या त्यात मानवतो. तेव्हा उपवर मुलीला तिथे नेणाऱ्या आईने आधी डॉक्टरांची पदवी विचारावी. मुलगी नुसतीच सावळी असेल, तर मात्र सरळ घरी परतावे. शेजारच्या देहू-आळंदीहून पालख्या निघतात, त्या सावळ्या विठोबाच्याच भेटीला!