टिप्या आणि आमचे बेट

यंदा इंग्रजीच्या तासाला सरांनी ‘रॉबिन्सन क्रूसो’ची गोष्ट सांगितली. डॅनियल डीफोची ही कादंबरी १७१९ सालची. ओरिनोको नदीच्या मुखाजवळचे, उष्ण हवेतले निर्जन बेट, तेथला अठ्ठावीस वर्षांचा मुक्काम आणि फुटलेल्या जहाजावरून पोहत आलेला एक कुत्रा! वर्गातल्या मित्रांना ते जीवन फार रम्य वाटले. मला मात्र हसू आले. कारण असे बेट आणि असा कुत्रा, दोन्ही आमच्या घरी आहेत.

जालना जिल्ह्यात बेट कुठले, असे कुणीही विचारील. २०१३ साली ज्या जिल्ह्यात पाण्यावाचून मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या, तेथे बेट? पण अंबड तालुक्यात गोदाकाठाला आमची अकरा घरांची वस्ती आहे. एका अंगाला गोदावरी, उरलेल्या तिन्ही अंगांना वळसा घालून जाणारा ओढा. उन्हाळ्यात ओढ्यात पायाचा अंगठा भिजत नाही. पण पावसाळ्यात वर पैठणला जायकवाडी भरते, धरणाचे दरवाजे उघडतात, गोदावरी चढते आणि तिचे पाणी उलटे ओढ्यात शिरून फुगते. मग आमची वस्ती बेट होते. जुनी माणसे २००६ च्या पुराच्या गोष्टी सांगत. सप्टेंबर २०२५ मध्ये आम्ही तो पूर डोळ्यांनी पाहिला. आमच्या वस्तीचा रस्ता सहा दिवस बंद होता.

आता टिप्याविषयी. टिप्या हा आमचा कुत्रा. रंग मातकट, एक कान उभा, एक पडलेला. राखणीसाठी आणला, पण त्याच्यापासूनच घर राखावे लागते. टोपल्यातली भाकरी पळवणे, वेचलेल्या कापसाच्या ढिगात लोळणे आणि कुणाचीही एकच चप्पल उचलून ओढ्यापलीकडे नेऊन ठेवणे हा त्याचा नित्यक्रम. दोन्ही चपला त्याने कधी नेल्या नाहीत. धाकटी बहीण सकाळी शाळेला निघाली, की आधी एका पायाने लंगडत ओढा ओलांडते आणि पलीकडे बसलेल्या टिप्याला शिव्या देत दुसरी चप्पल पायात घालते. बा म्हणतात, “कुत्र्यानं पोरीला शाळेची वाट लावून दिली.”

त्या सहा दिवसांत मात्र टिप्या पाण्याच्या कडेला बसून राही. करमेना म्हणून त्याने बहिणीचे भूगोलाचे पुस्तक फाडले. ती रडली नाही. म्हणाली, “दादा, फाडू दे त्याला. मला कुठं जायचंय आता?”

मित्रहो, या वाक्याने मला हा लेख लिहायला लावला. बहीण आठवीत आहे. पावसाळ्यात तिचे किती दिवस बुडाले, याचा हिशोब मायने चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवला होता. रेघा मोजून माय एवढेच म्हणाली, “आठवी झाली की पुरं.” मी तिला दोष देत नाही. पोर पाण्यातून जाते तेव्हा जीव तिचाच टांगणीला लागतो.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा आहे. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असा आपल्या राज्याचा नियम आहे. आमच्या वस्तीपासून शाळा दोनच किलोमीटर. म्हणजे नियम पाळला गेला! पण ते अंतर उन्हाळ्यातले. ओढा भरला की वरच्या पुलावरून चौदा किलोमीटरचा वळसा पडतो. पुढे नववीला मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे, ही चांगलीच गोष्ट, पण एस.टी. थांबते ओढ्याच्या पलीकडे. पुरात वर्तमानपत्रे लिहितात, ‘गावांचा संपर्क तुटला.’ मला विचारावेसे वाटते, जो बारमाही जोडलेलाच नव्हता, तो तुटेल कसा? क्रूसोचे बेट समुद्राने केले. आमचे बेट एका लहानशा पुलाच्या अभावाने केले आहे.

कुणी म्हणेल, अकरा घरांसाठी पूल कशाला? खर्च मोठा, माणसे थोडी. हा युक्तिवाद मी घरातही ऐकला आहे. पण मग अकरा घरांतल्या मुलींनी आठवीतच थांबावे, असे सरळ म्हणावे. अंतराच्या आकड्याआड लपू नये.

माझे म्हणणे साधे आहे. शाळेचे अंतर भर श्रावणात मोजावे. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे. तिची सात दिवसांची शिबिरे हिवाळ्यात होतात, रस्ते कोरडे असतात, आपण झाडलोट करून परततो. एक शनिवार-रविवार पावसाळ्यात द्यावा. परिसरातल्या वस्त्यांपासून शाळेपर्यंत पायी चालून खरी अंतरे लिहून काढावीत आणि तो तक्ता ग्रामसभेत व जिल्हा परिषदेत द्यावा. पुलाची मागणी त्याने लगेच मान्य होणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण कागदावर दोनाच्या जागी चौदा तरी लिहिले जाईल.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिला. दुसरी ती असावी, असे मला वाटते. मायशी माझे बोलणे अजून संपलेले नाही. तूर्त ओढा उतरला आहे, आणि टिप्याने काल पुन्हा एक चप्पल पलीकडे नेली आहे.